भुणभुणबाई

देवाने वाटणी करताना थोरलीला गळा दिला आणि धाकटीला हात दिले, असं त्या दोघींची आई म्हणायची. ऐकायला बरं वाटायचं, पण वाटणी काही सारखी नव्हती. थोरली खिडकीत बसून गायला लागली की रस्त्यावरची माणसं पिशव्या खाली ठेवून उभी राहायची. धाकटीच्या हातांचं कौतुक म्हणजे, "अगं, तो दिव्याचा खटका चिकटतोय, बघ जरा," एवढंच. ती स्टुलावर चढायची, खटका उघडायची, आतली पत्ती घासायची आणि उतरायची. दिवा लागला की त्याच्याकडे कोण बघतं? दिवा बिघडला तरच लोक वर बघतात.

थोरली गावोगावी गायला लागली त्याच सुमारास धाकटी रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर लागली. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीपुढे एक दिवा आणि एक तापलेलं, सांध्याला डाग द्यायचं आयर्न. समोर उघडा रेडिओ यायचा, त्यात आपापल्या वाटणीचे सांधे जोडायचे आणि तो पुढे सरकवायचा. लाइनवर एक मुकादमबाई होत्या. उंच, सडसडीत, आवाज असा की मशिनं बंद असल्यावरही ओरडूनच बोलायच्या. नव्या मुलींना त्यांनी पहिल्या दिवशी एकच धडा दिला.

"सांधा चमकला पाहिजे. मळकट दिसला की समजा, वरून धरलाय आणि आतून सुटलाय. माणसांत असतात तसे. जोडल्यासारखा दिसतो, वेळ आली की दगा देतो."

धाकटीचे सांधे आरशासारखे चमकायचे. पण तिला सोल्डरिंगपेक्षा काचेच्या दारामागची खोली जास्त खुणावायची. ती तपासणीची खोली. तिथे तयार रेडिओ लावून ऐकायचे, आजारी रेडिओचा आजार शोधायचा. तिथे सगळे पुरुष होते. तसा नियम कुणी लिहिला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता.

मग एकदा रेडिओंची एक अख्खी खेपच भुणभुणायला लागली. गाणं लागो वा बातम्या, मागे आपली एकसुरी भुणभुण. तपासणीच्या साहेबांना शंका होती की अर्थिंगच्या तारेत काहीतरी आहे, पण नेमकं कुठे ते हाती लागत नव्हतं. इकडे लाइनवर धाकटीच्या लक्षात आलं की नव्या तारा जुन्यांपेक्षा लांब आल्या आहेत, आणि तार लोंबू नये म्हणून पलीकडच्या टेबलावरची मुलगी ती मध्येच पत्र्याला आणखी एक डाग देऊन टाकते. म्हणजे अर्थिंग एका जागी लागायची ती दोन जागी लागत होती. तिने मुकादमबाईंना सांगितलं. मुकादमबाईंनी तिच्या मनगटाला धरलं, काचेचं दार ढकललं आणि आपल्या त्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, ही पोरगी काय म्हणते ते ऐका."

साहेब भले होते. त्यांनी खुर्ची सरकवली. "दाखव," म्हणाले.

धाकटीने तो मधला डाग वितळवून तार सोडवली. भुणभुण अशी थांबली, जणू कुणी खोलीतून उठून गेलं. साहेबांनी दुसरा रेडिओ पुढे ओढला, मग तिसरा. मग ते हसले आणि म्हणाले, "आता परत लाइनवर कशाला जातेस? बस इथेच."

त्या दिवसापासून ती काचेच्या आत गेली आणि कारखाना बंद होईपर्यंत आतच राहिली. कुठलाही सेट भुणभुणला की हाक यायची, "भुणभुणबाईंना बोलवा!" सुरुवातीला त्या नावात चेष्टा होती. पुढे पुढे नव्या माणसांना तेच तिचं खरं नाव वाटायला लागलं, आणि तिलाही त्याचा राग येईनासा झाला. खरं सांगायचं तर ते नाव ऐकलं की तिची मान एक बोटभर वर जायची.

घरी मात्र हे कुणाच्या गावी नव्हतं. थोरली दौऱ्यांवरून यायची तेव्हा तिच्याबरोबर हार, छत्र्या आणि चाहते यायचे. कुणी विचारलं, "या तुमच्या धाकट्या बहीण का? काय करतात?" तर थोरली म्हणायची, "ती ना, रेडिओच्या कारखान्यात असते," आणि विषय गाण्याकडे वळायचा. थोरलीच्या मनात वाईट काही नसायचं. आपल्याला ज्यातलं काही कळत नाही त्यावर माणूस काय बोलणार? धाकटीही मनाला लावून घ्यायची नाही. फार तर चहाचे कप जरा जोरात उचलायची.

वर्षं गेली. धाकटीचा नवरा गेला, कारखान्याला कुलूप लागलं, लेकीचं लग्न होऊन ती आणि जावई वरच्या मजल्यावर राहायला आले. आणि मग थोरलीच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण आवाज गेला. राहिली ती नुसती फुंकर. कानाजवळ तोंड नेऊन बोलली तर शब्द कळायचे, हातभर लांब गेलं की तेवढेही नाही.

धाकटीने तिला आपल्या घरी आणलं. हॉलमध्ये उन्हाच्या बाजूला पलंग लावला, हाताशी पितळी घंटा ठेवली. थोरलीने ती घंटा उलटी करून तिच्यात पेन्सिली ठेवल्या. काही हवं असलं की टाळी वाजवायची. टाळी अगदी तालात पडायची.

ती स्वतःहून गाणं ऐकायची नाही. रेडिओवर लागलं तर उठून खिडकीशी जायची. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे.

जावयाला मात्र जुन्या रेकॉर्डींचं वेड होतं. तो बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. दिवसभर सगळं मिनिटांवर मोजल्यावर संध्याकाळी त्याला हळू फिरणारं काहीतरी बघावंसं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी तो जुन्या बाजारात धुळीत हात घालून रेकॉर्डी उलथायचा. एकदा असाच उलथताना त्याच्या हाताला मावससासूबाईंचा तरुणपणीचा चेहरा लागला. थोरलीची रेकॉर्ड! तिने आयुष्यात एकच रेकॉर्ड केली होती आणि घरातली प्रत घर बदलताना कधीच फुटली होती.

जावयाने बायकोला सांगितलं, बायकोने हळूच आईला. तिघांनी बेत केला. जावयाने रेकॉर्ड प्लेअर खाली आणला, धाकटीच्या हॉलमधल्या अँप्लिफायरला जोडला आणि रविवारी दुपारी सगळे चहा घेऊन बसले असताना गुपचूप सुई टेकवली.

ते गाणं वाद्यांशिवाय सुरू व्हायचं. आधी थोरलीचा एकटा, अगदी हलका सूर. मग हळूहळू बाकीचं. धाकटीला ते पक्कं आठवत होतं, कारण आई ती रेकॉर्ड लावली की सगळ्यांना दटावायची, "सुरुवात चुकवू नका, पुढचं एकवेळ चालेल."

पण आला तो सूर नाही, भुणभुण आली. जाड, घोगरी, टिनाच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखी. तिच्याखाली कुठेतरी तो हलका सूर होता. वाद्यं सुरू झाली तेव्हा गाणं वर आलं, पण सुरुवात गेली ती गेलीच.

थोरलीने ऐकलं. जावयाच्या पाठीवर हात फिरवला, रेकॉर्डचं कव्हर मांडीवर घेऊन बघितलं आणि फुंकरीएवढ्या आवाजात म्हणाली, "तेव्हाही असाच घोगरा असेल माझा आवाज. लोक उगाच कौतुक करायचे."

ती थट्टा होती. पण म्हणताना तिने कव्हर पालथं ठेवलं.

जावई कानकोंडा झाला. "आई, मी सगळं तपासून लावलं होतं हो," तो सासूला म्हणाला.

धाकटी उठली. "जावईबापू, तुम्ही हिचा आवाज शोधून आणलात, हेच मोठं काम. भुणभुणीचं माझ्याकडे राहू द्या. उद्यापर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. मी बघते."

लेक हळूच म्हणाली, "आई, तुझा हात कापतो हल्ली. आपण कुणाला तरी बोलावू ना."

"हात कापतो, कान कापत नाहीत," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाची सुट्टी होती. धाकटीने कपाटाच्या तळातून पत्र्याचा डबा काढला. आत तिचं आयर्न, सोल्डरचं वेटोळं, बारीक चिमटा, पातळ पेचकस. कारखाना बंद झाल्यापासून डबा उघडला नव्हता. आयर्नची दांडी तिच्या मुठीच्या आकाराची झालेली होती. तिने ती नुसती हातात धरली आणि तिचा खांदा आपोआप सरळ झाला.

थोरली पलंगावर उठून बसली. बहिणीला असं बघायची तिची ही पहिलीच वेळ. धाकटी कामावर जायची आणि यायची, मधल्या वेळात काय करायची ते तिने आयुष्यात बघितलं नव्हतं.

"आधी काही दुरुस्त करायचं नाही," धाकटी जावयाला म्हणाली. "आधी विचारायचं. तू कोण, कुठला, कुठून आलास?"

तिने रेकॉर्ड न लावताच अँप्लिफायर सुरू केला, आवाज वाढवला. भुणभुण आली. मग अँपचं बटण प्लेअरवरून रेडिओवर फिरवलं. भुणभुण कमी झाली, पण गेली नाही.

"दोन आहेत," ती म्हणाली. "एक पाहुणा प्लेअरबरोबर आलाय आणि एक आधीपासून घरात मुक्कामाला आहे."

तेवढ्यात टाळी वाजली. थोरली हाताने बोलावत होती. धाकटी जवळ गेली. थोरलीने तिच्या कानाशी तोंड नेलं. "सूरही दोन आहेत. एक खर्जातला, मऊ. दुसरा तोच, पण सप्तक वर, आणि कडा खरखरीत. आता तू बटण फिरवलंस तेव्हा खालचा गेला. वरचा तसाच आहे."

कारखान्यात हे सांगायला डब्याएवढं मशीन होतं, त्यावर हिरवी रेघ नाचायची. तिची बहीण पलंगावर बसून ते सांगत होती.

"ताई," ती म्हणाली, "तू तिथेच बस. मी एकेक काढत जाते. कुठला सूर अजून ऐकू येतोय ते बोटाने सांग. खालचा असेल तर बोट खाली, वरचा असेल तर वर. गेला की बोट मिट."

थोरलीने पाय दुमडून बैठक मारली, मैफलीला बसायची तशी.

धाकटीने आधी घरातला पाहुणा धरला. अँपच्या मागे वाकून बघितलं तर टीव्हीचीही तार तिथे जोडलेली. टीव्हीचा आवाज मोठा यावा म्हणून लेकीने कधीतरी जोडून घेतली होती. टीव्हीला रस्त्यावरून आलेली केबल होती. धाकटीने टीव्हीची तार अँपमधून उपटली. थोरलीचं वर केलेलं बोट झटकन मिटलं.

"गेला?"

थोरलीने मान हलवली. गेला.

जावयाने डोकं खाजवलं. "पण टीव्हीचा काय संबंध?"

"अँपला अर्थिंग आहे भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटमधून. केबल आपलं अर्थिंग रस्त्यावरून घेऊन येते. टीव्हीच्या तारेने दोघांची गाठ पडली. एका म्यानात दोन तलवारी. मग त्या दोन अर्थिंगमध्ये वीज चकरा मारत बसते आणि आपण तिची भुणभुण ऐकतो. टीव्हीला देवाने स्वतःचा आवाज दिलाय, त्याने तो वापरावा."

जावई जरा चाचरत म्हणाला, "मला डेपोतले एक जण म्हणाले होते, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, भुणभुण लगेच जाते."

धाकटीने पेचकस खाली ठेवला. "जाते ना. पण एखाद दिवशी ऐकणाराही जातो. ती पिन आपल्या जिवासाठी असते. तिला हात लावायचा नाही, कुणीही कितीही शहाण्याने सांगितलं तरी."

मग प्लेअर. तिने बटण पुन्हा प्लेअरवर आणलं. खर्जातली भुणभुण हजर. तिने सुईच्या दांड्याच्या धातूला बोट लावलं, भुणभुण दबली. बोट काढलं, पुन्हा वर आली. तिच्या ओठांवर हसू आलं. जुना ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा तसं.

"मी हात लावला की गप्प बसतोय. म्हणजे याला जमिनीचा आधार नाही." ती प्लेअरमधून निघालेल्या बारीक काळ्या तारेच्या मागे मागे गेली. तार अँपच्या मागच्या स्क्रूखाली व्यवस्थित दाबलेली होती. स्क्रू घट्टही होता. तिने भिंग लावून बघितलं आणि जावयाला बोलावलं.

स्क्रूखाली तारेचं प्लास्टिक दाबलं गेलं होतं. आतला तांब्याचा भाग स्क्रूला शिवतच नव्हता.

जावयाचे कान लाल झाले. "काखेत कळसा."

"अहो, मी लाइनवर नवीन असताना टेबलभर रेडिओ असेच जोडले होते. मुकादमबाईंनी सगळे माझ्याकडूनच उघडून घेतले. तुम्हाला तर एकच उघडायचाय." तिने तार सोलली, तांबं पिळलं, स्क्रूखाली घेतलं आणि स्क्रू आवळला. थोरलीचं खाली रोखलेलं बोट मुडपलं, पण पुरतं नाही. थोडं बाकी होतं.

"प्लेअर अँपच्या डोक्यावर बसलाय," धाकटी म्हणाली. "अँपच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे. हा दांडा आत जातो तेव्हा थेट त्याच्या वर येतो."

तिने सुई टेकवली नाही, दांडा नुसता हवेत आत आत नेला. थोरलीचं मुडपलेलं बोट खाली सरळ होत गेलं. बाहेर आणला, बोट पुन्हा मुडपलं. जावयाने न सांगता प्लेअर उचलला आणि पलीकडच्या पुस्तकांच्या कपाटावर नेऊन ठेवला. तार पुरेल एवढंच अंतर, पण तेवढं पुरलं. थोरलीने मूठ मिटली. मग एकाएकी तिने डावा कान पुढे केला आणि डोकं हलवलं.

नाही. अजून काहीतरी.

धाकटीलाही ऐकू येत होतं, पण आता इतकं बारीक की दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. डाव्या स्पीकरमध्येच. लेक म्हणाली, "आई, एवढं चालेल गं. गाण्यात कुणाला कळणार?"

"हिला कळेल," धाकटीने थोरलीकडे बोट दाखवलं. "हिचं गाणं आहे."

तिने प्लेअरच्या दोन पिना अँपमागे उलट्या लावल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. भुणभुण उजव्या स्पीकरमध्ये गेली. "म्हणजे अँप निर्दोष, स्पीकर निर्दोष. चोर प्लेअरच्या बाजूलाच आहे." पिना हलवून बघितल्या, फरक नाही. मग दांड्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग अलगद फिरवून काढला आणि खिडकीशी उन्हात धरला. मागे केसांसारख्या चार तारा, चार रंगांच्या, प्रत्येकीच्या टोकाला कणाएवढी पितळी क्लिप. निळ्या तारेचा क्लिपशी सांधा मळकट राखाडी. भिंगाखाली चिमट्याने ढोसलं तर तार क्लिपमध्ये आत-बाहेर सरकत होती.

वरून धरलेला, आतून सुटलेला.

आता मात्र धाकटी थांबली. आधीचं सगळं कानाचं आणि डोक्याचं काम होतं. हे हाताचं. पूर्वी तिने असे सांधे डोळे मिटून दिले असते. तिने आयर्न गरम केलं, टोक ओल्या स्पंजवर पुसलं, आणि ते उचलताच टोक हवेत थरथरलं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. दोन्ही थरथरले. लेकीने तोंड फिरवलं, आईला आपण बघतोय हे दिसू नये म्हणून.

थोरली पलंगावरून उतरली. येऊन बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि हात पुढे केला.

"काय गं?"

थोरलीने चिमटा घेतला. मग कानाशी फुंकरली, "तू सांग कुठे धरू. मी धरते. मला इतकी वर्षं दुसरं काय येत होतं? श्वास धरायचा आणि हलायचं नाही."

धाकटीने क्लिप सुईच्या भागामागच्या बारीक पिनेवरून ओढून वेगळी केली. पिनेवर असतानाच तापवली तर आतली केसाएवढी वेटोळी जळतात, हे तिने थोरलीला समजावून सांगितलं, जणू ती लाइनवर आलेली नवी मुलगी होती. थोरलीने ते तितक्याच गांभीर्याने ऐकलं. क्लिप चिमट्यात धरली, कोपर टेबलावर रोवलं. निळ्या तारेचं टोक धाकटीने आत सरकवलं. मग तिने आपलं मनगट थोरलीच्या मनगटाला टेकवलं आणि आयर्न पुढे नेलं.

थोरलीने श्वास आत घेतला आणि धरला. तिची छाती हलेना, बोटं हलेनात, पापणीही हलेना. त्या स्थिर हाताच्या आधाराने धाकटीचं टोक एका जागी थांबलं. सोल्डर शिवलं, वितळलं, तारेभोवती फिरलं. धाकटीने आयर्न उचललं.

"अजून सोडू नकोस. गार होऊ दे."

थोरलीने सोडला नाही. धाकटीच्या नंतर लक्षात आलं की ती स्वतःही श्वास धरून होती आणि तिचा कधीच सुटला होता. बहिणीचा मात्र अजून आतच होता. गळा गेला होता, पण तो श्वास शाबूत होता.

"सोड आता."

भिंगाखाली सांधा चमकत होता. आरशासारखा. धाकटीने भिंग थोरलीकडे दिलं. थोरलीने बराच वेळ बघितलं. मग तिने बहिणीकडे असं काही बघितलं की धाकटीला उगाचच आयर्न पुसायची घाई झाली.

सगळं जागेवर बसवलं. अँप सुरू केला, आवाज भरपूर वाढवला. जावई म्हणाला, "चालू केलंत ना?" धाकटीने मान डोलावली. चालूच होतं. दोन्ही स्पीकर गप्प होते. नुसते गप्प नव्हे. कुणीतरी बोलणार आहे हे माहीत असल्यावर घर जसं गप्प होतं तसे.

जावयाने सुई टेकवली. रेकॉर्डची बारीक खसखस आली. आणि सुराच्या आधी, कुणालाच आठवत नव्हतं असं काहीतरी आलं. एक श्वास. तरुण मुलीने गाण्याआधी पोटापासून आत घेतलेला श्वास, स्वच्छ, इतका जवळ की लेकीने वळून मावशीकडे बघितलं. मग तो हलका सूर, एकटा, काठावर उभा राहून पाण्यात पाय घालावा तसा.

थोरलीने डोळे मिटले नाहीत. ती सगळं उघड्या डोळ्यांनी ऐकत होती आणि एका जागी तिच्या भुवया उंचावल्या. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या ओळीत श्वास कमी पडलाय. गाण्याचे मास्तर ओरडले होते." आणि हसली. आवाजाविना, पण खांदे हलेपर्यंत. "पुन्हा लाव."

त्या दिवशी ते गाणं पुन्हा पुन्हा लागलं. लेक भाजी टाकायला विसरली.

पुढच्या दिवसांत थोरलीकडे तिच्या ओळखीचे लोक यायला लागले. कुणी जुने साथीदार, कुणी एकेकाळचे चाहते, आता काठ्या टेकत येणारे. इतके दिवस ती कुणाला भेटायला नको म्हणायची. आता स्वतः जावयाला सांगून निरोप धाडायची. लोक बसले की ती जावयाला खूण करायची. अँप सुरू व्हायचा, आवाज वाढवला जायचा, पण सुई टेकवू द्यायची नाही. हात वर करून सगळ्यांना गप्प करायची. लोक कान टवकारून बसायचे.

मग ती शेजारच्या माणसाच्या कानाशी वाकून फुंकरायची आणि त्याने ते मोठ्याने सगळ्यांना सांगायचं, अशी रीतच पडली.

"विचारताहेत, काही ऐकू येतंय का?"

"नाही बुवा," लोक म्हणायचे.

"म्हणताहेत, ते जे ऐकू येत नाहीये ना, ते माझ्या धाकट्या बहिणीने केलंय. पुढचं गाणं माझं. ते सोपं होतं."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा धाकटीने "काय हे ताई, चहा ठेवते" म्हणून स्वयंपाकघर गाठलं. एक म्हातारे तबलजी उठून तिच्या मागे आले, दारात उभे राहिले आणि त्यांनी कौतुकाने विचारलं, "बाई, हे शिकलात कुठे?"

धाकटीने चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. इतकी वर्षं ज्याचं उत्तर एका वाक्यात संपायचं, तो हा प्रश्न. तिने पदराला हात पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "बसा. आमच्या लाइनवर एक मुकादमबाई होत्या."

चहा उतू गेला. बाहेर सुई टेकवली गेली तरी तबलजी काही उठले नाहीत.